दुधातली साखर आणि टोरांटोचा सिड

पारशी म्हटलं की आपल्याला दुधात साखरेची गोष्ट आठवते. इराणहून आलेली माणसं संजाणच्या किनाऱ्याला उतरली, राजा जादी राणाने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला दाखवून ‘जागा नाही’ असं सुचवलं, आणि त्यांनी त्यात साखर मिसळली. दंतकथाच ही, पण गोड आहे. मला मात्र एक गोष्ट खटकते. विरघळलेली साखर दिसत नाही. मी इंदूरला वाढलेला मराठी माणूस, म्हणूनही असेल.

बाप्सी सिधवा यांच्या ‘आइस-कँडी-मॅन’ (१९८८) या कादंबरीत हीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते. फाळणी जवळ आलेली, लाहोरचे पारशी सभेला जमलेले. आपण कोणाच्या बाजूने? सूर असा की जो राज्य करेल त्याच्याशी जुळवून घ्यावं, मधे पडू नये. घरं वाचतात. पण लेनी या पारशी मुलीची हिंदू आया घरातच लपलेली असते, आणि लेनीच्याच तोंडून ते निसटतं. जमाव आयाला ओढून नेतो. तटस्थ घराच्या दारातून!

रोहिंटन मिस्त्री १९७५ मध्ये मुंबईहून कॅनडाला गेले. त्यांचा ‘टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग’ हा कथासंग्रह १९८७ चा. त्यातली ‘स्क्वॉटर’ वाचताना आधी हसू फुटतं. सरोश निघताना सांगून जातो, दहा वर्षांत पुरता कॅनेडियन झालो नाही तर परत येईन. नाव बदलून सिड होतो. सगळं जमतं, एक सोडून. कमोडवर बसून त्याला होत नाही. वर चढून उकिडवंच बसावं लागतं. आता यात विनोद किती आणि लाज किती? नाव, भाषा, कपडे माणूस ठरवून बदलतो, शरीर ऐकत नाही. आणि मुदत तरी कोणी घातली होती? कॅनडाने नव्हे, त्याने स्वतःच. दहा वर्षं भरतात, तो परतीच्या विमानात बसतो, आणि तिथे, विमान सुटता सुटता, त्याला जमतं.

ही हकिगत नरिमन हंसोटिया बागेतल्या पोरांना रंगवून सांगतो. पोरं हसतात. त्याच बागेतला केरसी पुढच्या कथांमध्ये टोरांटोला राहायला गेलेला दिसतो.