वहिवाटीच्या पाऊलवाटा

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, जेथे महाराष्ट्रातील सह्याद्री आपल्या उंचीची परिसीमा गाठतो, त्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील पाऊलवाटा गिरिभ्रमण करणाऱ्यांसाठी कोणी आखलेल्या नाहीत; बाजार, देवदर्शन, गुरेचराई आणि सोयरीक या निमित्तांनी महादेव कोळ्यांच्या पिढ्यांनी त्या वहिवाटीस आणल्या, आणि १९८६ साली हा मुलूख सरकारदफ्तरी अभयारण्य म्हणून दाखल झाला तेव्हा गावेही त्याच हद्दीत राहिली.

बारी गावाहून १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर जाणारी वाट लोखंडी शिड्यांमुळे सुगम झाली आहे. तिचे कौतुक पुष्कळ झाले. मला अधिक ओढ रतनवाडीची. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी अमृतेश्वराचे पुरातन शिवालय, पाठीशी प्रवरेचे उगमस्थान असलेला रतनगड, आणि त्याच्या माथ्यावर, वाऱ्याने भणाणणारे, आरपार आभाळ दाखविणारे नेढे!

वाटेवर दुतर्फा कारवी माजलेली असते. सुमारे सात वर्षांनी तिला येणारा जांभळा बहर पाहण्यास शहरवासी धावतात. गावकऱ्यास मात्र तीच कारवी घराच्या कुडाला लागते. श्रावणात धुके उतरले की नकाशा निरुपयोगी ठरतो, आणि गावातला वाटाड्या, काठी टेकीत, न बोलता पुढे चालू लागतो.