शेतकी महाविद्यालयांतील प्रवेश आणि घरचीं कागदपत्रें

मृगाची पेरणी आणि मुलाच्या कॉलेजप्रवेशाची धांवपळ हीं दोन्ही कामें शेतकऱ्याच्या घरीं बहुधा एकाच सुमारास येऊन पडतात. पेरणीची तयारी आपण माघ-फाल्गुनापासून करतों; नांगरट, कुळवणी, बियाणें, खत, सर्व वेळच्या वेळीं होतें. प्रवेशाची तयारी मात्र बारावीचा निकाल हातीं पडल्यावर करावयाची, असा पुष्कळांचा समज आहे. हा समज किती महाग पडतो हें आम्हीं स्वतःच्या घरीं अनुभविलें, म्हणून हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या पुतण्यास शेतकी पदवीच्या अभ्यासक्रमास जावयाचें होतें. गुण चांगले होते. इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला होता, नॉन-क्रीमीलेयरचा दाखलाहि होता; परंतु त्याची मुदत मागील ३१ मार्चलाच संपली होती, आणि तें आमच्यापैकीं कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं. जातवैधतेचा अर्ज तर आम्हीं निकालानंतर केला. शेवटीं त्याचा अर्ज खुल्या वर्गांत धरला गेला. विद्यापीठाच्या स्वतःच्या महाविद्यालयांतील जागा गेली आणि कितीतरी अधिक फी भरून त्यास खाजगी महाविद्यालयांत बसावें लागलें. दोष कोणत्या कचेरीचा नव्हता, आमचाच होता.

महाराष्ट्रांत चार कृषि विद्यापीठें आहेत : राहुरीचें महात्मा फुले (१९६८), अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख (१९६९), दापोलीचें डॉ. बाळासाहेब सावंत आणि परभणीचें वसंतराव नाईक (दोन्ही १९७२). पुण्याचें १९०७ सालचें जुनें महाविद्यालय राहुरीच्या, आणि नागपूरचें १९०६ सालचें अकोल्याच्या छत्राखालीं आहे. शेतकी, उद्यानविद्या, वनविद्या, कृषि अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान इत्यादि चार-चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम येथें चालतात. प्रत्येक विद्यापीठाचें दार निराळें ठोठावण्याचें कारण नाहीं; राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत ऑनलाइन अर्ज होतो.

यापूर्वींची पायरी म्हणजे एमएचटी-सीईटी ही परीक्षा. ती संगणकावर होते. पदार्थविज्ञान व रसायन यांस प्रत्येकीं ५० गुण आणि गणितास किंवा जीवशास्त्रास १०० गुण, असे एकंदर २०० गुण. सुमारें २० टक्के प्रश्न अकरावीच्या व ८० टक्के बारावीच्या अभ्यासावर असतात. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहींत, तेव्हां एकहि प्रश्न कोरा सोडूं नये. या परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालाच्या पुष्कळ आधीं भरावा लागतो. तो राहून गेला तर बारावीस कितीहि गुण पडोत, त्यांचा येथें उपयोग नाहीं.

परीक्षा मुलाची, कागद मात्र बापाने पाहावयाचे. त्यांत सर्वांत अधिक वेळ खाणारा कागद म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर हक्क सांगावयाचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाहीं. जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून तो तपासून घ्यावा लागतो. ही समिती जुना पुरावा पाहते. इतर मागासवर्गासाठीं १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५० या तारखांपूर्वींच्या नोंदींस विशेष वजन असतें. अशा नोंदी कोठें सांपडतात? आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या शाळेंत गेले तिच्या जनरल रजिस्टरांत; गांव नमुना १४ या जन्ममृत्यूच्या नोंदवहींत; वऱ्हाड-नागपूरकडे कोतवाल बुकांत; आणि पुष्कळदां आपल्याच माळ्यावरील पेटींत, जुन्या खरेदीखतांच्या गठ्ठ्यांत. आमच्या आजोबांच्या शाळेचा उतारा आम्हांस शेजारच्या तालुक्यांत मिळाला, कारण ते मामाच्या गांवीं शिकले होते, आणि ही गोष्ट फक्त म्हाताऱ्या आत्याबाईंस ठाऊक होती! म्हणून घरांतील वडील माणसें आहेत तोंवर वंशावळ लिहून काढावी. वडिलांच्या बाजूच्या एखाद्या रक्ताच्या नातलगास वैधता मिळालेली असेल तर काम फार सोपें होतें. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास अकरावी-बारावींत असतांनाच कॉलेजामार्फत हा अर्ज करतां येतो. तो तेव्हांच करावा.

नॉन-क्रीमीलेयरची उत्पन्नमर्यादा २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. या दाखल्यावर मुदतीची तारीख असते, ती डोळे उघडे ठेवून वाचावी. प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत तो चालू असला पाहिजे.

शेतकरी कुटुंब म्हणून त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेंत जी सवलत दिली असेल ती मागावयाची तर सात-बारा लागतो. येथें आपल्या लोकांची एक खोड आडवी येते. म्हातारा वारून दहा वर्षें झालीं तरी जमीन त्याच्याच नांवावर! गांव नमुना ६-क मध्यें वारस नोंद होऊन फेरफार मंजूर होण्यास वेळ लागतो, आणि भावाभावांत कुरबुर असेल तर विचारूंच नये. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो हें खरें. पण उताऱ्यांत आपलें नांवच नसेल तर सही कोणाचीहि असून काय उपयोग? तसेंच आधार, शाळेचा दाखला व सात-बारा यांवरील नांवें ताडून पाहावीं. एके ठिकाणीं ‘दत्तू’ आणि दुसऱ्या ठिकाणीं ‘दत्तात्रय’ असेल तर वेळेवर प्रतिज्ञापत्रांसाठीं धांवावें लागतें.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतांना शेजाऱ्याच्या मुलाने काय भरलें हें पाहूं नये. जें खरोखर हवें तें प्रथम लिहावें, आणि ज्या महाविद्यालयास जावयाचेंच नाहीं तें यादींत घालूं नये. वसतिगृह आहे कीं नाहीं याची चौकशी यादी भरण्यापूर्वींच करावी.

खर्चाविषयीं थोडें. अल्पभूधारकांच्या मुलांस वसतिगृहाच्या खर्चासाठीं डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर होतो. मुलींसंबंधीं तर २०२४ सालीं मोठा निर्णय झाला. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या वर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कांत पूर्ण माफी मिळूं लागली. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेंतून झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतील जागेस ही माफी नाहीं. मुलीच्या शिक्षणास पैसा नाहीं असें म्हणणाऱ्या आमच्या कांहीं बंधूंनीं हें मुद्दाम वाचावें.

परप्रांतांतील कृषि विद्यापीठांत जाण्याची उमेद असेल तर भारतीय कृषि संशोधन परिषदेच्या जागांसाठीं २०२३ पासून सीयूईटी द्यावी लागते. तेथें दाखले केंद्राच्या नमुन्यांत लागतात, आणि आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यास कुटुंबाची शेतजमीन ५ एकर किंवा अधिक असून चालत नाहीं.

पुतण्याचें वैधता प्रमाणपत्र पुढें सहा महिन्यांनीं हातीं आलें. त्याची धाकटी बहीण आतां अकरावींत आहे. भावाचें प्रमाणपत्र जोडून तिचा अर्ज आम्हीं दिवाळीपूर्वींच कॉलेजांत दिला, आणि पोंच घेऊन ती सात-बाराच्या फायलींत ठेविली आहे.