‘टेन्शनमुळे झालं’ म्हणण्यापूर्वी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा परीक्षेच्या तोंडावर झोपेनासा होतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो, शेजारच्या खोलीतली मुलं आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो. घरात निदान तयार असतं : अभ्यासाचं टेन्शन डोक्यात गेलं. आजीच्या मते बाहेरचं काहीतरी. मग कुणीतरी दबक्या आवाजात आईच्या मामांची आठवण काढतं. म्हणजे रक्तातच आहे.

नुसत्या टेन्शननं सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटणं, होत असतं, तर दर वर्षी स्पर्धा परीक्षांच्या निकालानंतर मनोरुग्णालयं ओसंडून वाहिली असती. ‘रक्तातच आहे’ हेही अर्धसत्यच. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया हा सायकोसिसचा आजार असेल, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण निम्मी किंवा त्याहून कमी असते. आई किंवा वडील आजारी असले तरी दहातल्या सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. त्याला जबाबदार असं एकच जनुक नाही. शेकडो जनुकीय फरकांचा थोडा थोडा वाटा असतो.

जोसेफ झुबिन आणि बॉनी स्प्रिंग या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी पडतो. प्रत्येकाची ताण सोसण्याची क्षमता वेगळी असते, आणि ताण त्या मर्यादेपलीकडे गेला की आजार उफाळतो. ही मर्यादा फक्त जनुकं ठरवत नाहीत. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भधारणा झालेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. लहानपणचा छळ किंवा लैंगिक अत्याचार यांनीही धोका वाढतो. गांजा ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी मानला जातो, पण कोवळ्या वयात तो सतत ओढणाऱ्यांत सायकोसिसचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसतं.

मेंदूत नेमकं काय बिघडतं? ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, आणि ताणाचा परिणाम डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या यंत्रणेवरही होतो. कशाकडे लक्ष द्यायचं याची खूण मेंदू डोपामिनच्या मदतीनं करतो. 2003 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी मांडलं की सायकोसिसमध्ये ही खूण भलत्याच गोष्टींवर पडू लागते. रस्त्यावरचा हॉर्न, कुणाचं खाकरणं, टीव्हीवरचं एखादं वाक्य, सगळं आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं. मग मन त्याचा अर्थ लावतं : पाळत आहे, कट आहे. म्हणून वाद घालून हा भ्रम उतरत नाही. त्याच्यापुरता तो अनुभव खराच असतो.

‘नापास झाला म्हणून आजारी पडला’ हे वाक्य तर अनेकदा उलटं करून वाचावं लागतं. भास-भ्रम दिसण्याआधी कित्येक महिने झोप बिघडलेली असते, लक्ष लागत नसतं, मित्र सुटलेले असतात. मार्क तिथेच घसरतात.

आईवडिलांच्या वागण्यामुळे हा आजार होतो, हे विसाव्या शतकाच्या मध्याला काही मानसोपचारतज्ज्ञ खुशाल सांगत असत. त्याला पुरावा मिळाला नाही. मात्र आजार झाल्यावर घरात सतत टोचून बोललं गेलं, तर तो उलटण्याची शक्यता वाढते, हे लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांच्या अभ्यासांतून पुढे आलं. दोष देणं वेगळं आणि घरचं बोलणं बदलणं वेगळं.

आणि ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ हा सल्ला सर्वांत घातक. नवं घर, नवी माणसं, अपुरी झोप, त्यात सासरी कळू नये म्हणून बंद केलेल्या गोळ्या! आजार उलटायला आणखी काय लागतं?

पहिल्या लक्षणांपासून उपचारांपर्यंत जितका वेळ जातो, तितकं बरं होणं अवघड होतं. गंडेदोरे, पत्रिका यांत महिने घालवू नका, मनोविकारतज्ज्ञांना गाठा. कुणाला विचारावं कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’चा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.