हातातल्या हुन्नराला कागदाची साक्ष

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात. तिथला डाय बसवणारा फिटर, आर्गनचा वेल्डर, मशीनचे वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन यांच्या हाताला कामाची सवय आहे. त्यातलाच एखादा तरुण कुशल कामगाराच्या व्हिसावर परदेशी जायचे म्हणतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "हे काम तुला येते, याचा पुरावा काय?" पंधरा वर्षे केलेले काम तिथे तोंडी सांगून चालत नाही. व्हिसाच्या आधी कौशल्याची तपासणी करून घ्यावी लागते आणि पुष्कळांची गाडी तिथेच अडते.

प्रत्येक देशाची रीत वेगळी

ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याच्या कुशल व्हिसासाठी आधी आपल्या धंद्याच्या तपासणी संस्थेकडून दाखला आणावा लागतो. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा कारागिरांचे काम ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही सरकारी यंत्रणा पाहते. प्रथम कागद तपासतात, मग धंद्यातले प्रश्न विचारतात आणि अनेक धंद्यांत प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. इलेक्ट्रिशियनला तिथे पोहोचल्यावर स्थानिक परवानाही काढावा लागतो. वय ४५ च्या आत हवे, गुण किमान ६५ हवेत आणि इंग्रजीची परीक्षा वेगळी.

जर्मनीत आपल्या अभ्यासक्रमाची तुलना त्यांच्या अभ्यासक्रमाशी करतात. कारखान्यातल्या बऱ्याच धंद्यांसाठी हे काम न्यूरेम्बर्ग शहरातील आयएचके फोसा ही संस्था करते. मान्यता पूर्ण मिळते, अर्धवट मिळते किंवा नाकारली जाते. मार्च २०२४ पासून तिथे अनुभवावर जाण्याचीही एक वाट आहे. तिच्यासाठी मायदेशात सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे शिक्षण, गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेइतका पगार लागतो. इथे आई-वडिलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयटीआयचा फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, वेल्डरचा एक वर्षाचा. मुलाचा ट्रेड निवडताना हा फरक विचारात घ्यावा.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला. प्रायोगिक तत्त्वावर दहा हजार कुशल माणसे पाठवण्याचे त्यात ठरले. परंतु करार झाला म्हणजे तिकीट हाती आले, असे नव्हे. भाषा शिकावीच लागते आणि कागद दाखवावेच लागतात. आखाताकडे पाहणाऱ्यांचेही तेच. सौदी अरेबियाने २०२१ साली सुरू केलेल्या योजनेनुसार प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा धंद्यांतल्या माणसांना निघण्यापूर्वीच लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते.

अडते कुठे?

लहान गाळ्यात पगार रोखीने मिळतो. नियुक्तीपत्र नाही, पगारपत्रक नाही, हजेरी मुकादमाच्या वहीत. दहा वर्षांनी शेठ धंदा बंद करून गावी जातो आणि आपल्या कष्टाचा एकमेव साक्षीदार निघून जातो.

म्हणून कागद नोकरी करतानाच मागून घ्यावा. पत्रात आपले पद, कामाचा काळ, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष कोणकोणते काम करतो, हे सारे लिहिलेले असावे. 'हा आमच्याकडे कामाला होता' एवढ्या ओळीने भागत नाही. पगार बँकेत घ्यावा. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे पीएफ आणि कारखान्यात दहा किंवा अधिक असतील तिथे ईएसआय लागू होते. ती नोंद आपल्या नोकरीचा पक्का पुरावा ठरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. दहा वा अधिक कामगारांच्या ठिकाणी नियुक्तीपत्र देणे मालकाला आता बंधनकारक आहे. ते मागणे हा आपला हक्क आहे, त्यात कोणाची मेहेरबानी नाही.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, मालकाच्या पत्रात निव्वळ हाक मारायचे नाव! १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्यातल्या काही कुटुंबांनी आडनावे बदलली. त्यामुळे वडिलांचे आणि मुलाचे कागद जुळत नाहीत, अशीही घरे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल रीतसर छापून घेता येतो. पासपोर्ट काढण्यापूर्वीच हे काम उरकावे.

खोट्या कागदाची किंमत

'पैसे टाका, अनुभवाचे पत्र आम्ही देतो', असे सांगणारे भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. खोटा कागद दिल्याचे आढळले तर ऑस्ट्रेलिया व्हिसा नाकारते आणि पुढची तीन वर्षे दार बंद होते. ओळखच खोटी दिली असेल तर दहा वर्षे. पत्रावरच्या क्रमांकावर फोन करून शहानिशा केली जाऊ शकते. ज्याला खरोखर काम येते, त्याने खोट्या पत्रापायी आपला खरा अनुभव मातीत का घालावा?

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे भारत सरकारचा परवाना हवा. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. ऑस्ट्रेलियातल्या कौशल्य तपासणीचा अर्ज तर माणूस स्वतःच करू शकतो, मध्यस्थाची सक्ती नाही. दागिने गहाण टाकण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून हा हिशोब मांडावा.

सर्वांनाच परदेशी जायचे नसते, जाऊही नये. पण हे कागद इथेही उपयोगी पडतात. नवी नोकरी, बँकेचे कर्ज, अपघाताची भरपाई, म्हाताऱ्या वयातले पेन्शन, सगळीकडे तेच विचारले जातात. एक फाईल करा. आयटीआयचे प्रमाणपत्र, नियुक्तीपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचा क्रमांक तिच्यात ठेवा आणि ती घरच्या कर्त्या बाईच्या ताब्यात द्या. तिच्या पेटीतून कागद सहसा हरवत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर राबून काय काम केले, याची नोंद कोणी ठेवली नाही. आपल्या कामाची नोंद आता आपणच ठेवायला हवी.