माळ्यावरची गिटार : वय किती, मोल किती?

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे रिकामे होतात. बाळाचा पाळणा निघतो, सासूबाईंचा पितळी स्टोव्ह निघतो, आणि एखाद्या घरी निघते एक लांबट काळी पेटी. उघडून पाहावं तर आत इलेक्ट्रिक गिटार! साठ-सत्तरच्या दशकांत ऑर्केस्ट्राची केवढी हौस होती. गणेशोत्सवात, कॉलेजच्या गॅदरिंगला, लग्नाच्या रिसेप्शनला तरुण मुलं गिटार गळ्यात अडकवून उभी राहायची. कुणाचे मिस्टर त्यांत होते, कुणाचे धाकटे दीर, कुणाचा मामेभाऊ. पुढे नोकरी लागली, संसार वाढला, जागा अपुरी पडू लागली नि गिटार माळ्यावर गेली.

सोन्याच्या बांगडीचं वजन आपल्याला तोंडपाठ असतं. पैठणीचा पदर उलटून आपण तिची परीक्षा करतो. पण ह्या वस्तूपुढे आपण अगदी गप्प होतो. मग पहिलं जे गिऱ्हाईक येईल ते म्हणेल ती किंमत! तसं होऊ नये म्हणून हा लेख.

आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. यजमान जाऊन दीड वर्ष झालेलं, मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. यजमानांची गिटार घरात होती. एका दुकानदाराने माणूस पाठवला, "जुनाट आहे, वाजतही नाही, आठ हजार देतो" म्हणाला. वहिनी जवळजवळ तयार झाल्या होत्या. एवढंच नव्हे, दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून तिचे धातूचे भाग चिंच-मिठाने घासायला बसल्या होत्या. सुदैवाने आमच्या शाळेतल्या संगीताच्या सरांनी ओळखीचे एक कारागीर आणले. मूळचे गोव्याचे, सारा जन्म मुंबईत वाद्यं दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "वहिनी, आधी ते फडकं खाली ठेवा." त्यांच्याजवळ बसून जे ऐकलं आणि मागाहून जे वाचलं, ते थोडक्यात देते.

आधी हात आवरा

आपण बायका जुनी वस्तू दिसली की घासायला घेतो. भांड्याला ते ठीक, गिटारीला नव्हे. जुन्या गिटारीची किंमत तिच्या मूळपणात असते. मूळ रंग, मूळ खुंट्या, मूळ स्क्रूसुद्धा. जुन्या लॅकरवर बारीक बारीक तडे गेलेले दिसतात, आपल्याला वाटतं रंग खराब झाला. जाणकाराला तीच वयाची खूण वाटते. हौसेने नवा रंग काढला तर चांगल्या गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा ह्या व्यवहारातला ठोकताळा आहे. तेव्हा कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपा, तारा थोड्या सैल करा आणि थांबा. तुटलेलं बटन, निघालेला स्क्रू, जुनी तार काहीही फेकू नका. पुडीत बांधून पेटीतच ठेवा.

आणि "वाजत नाही" ह्या शब्दाला घाबरू नका. इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली लोहचुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तार कंप पावली की तिथे विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. कुठे सोल्डर सुटलं, स्विचमध्ये धूळ बसली की आवाज बंद. पुष्कळदा दुरुस्ती किरकोळ असते.

वय कुठे लिहिलेलं असतं?

पहिली जागा म्हणजे खुंट्या असतात ते डोकं, नि मानेच्या मागची धातूची पट्टी. तिथला नंबर टिपून घ्या. मात्र प्रत्येक कंपनीची रीत निराळी.

अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली. तिच्या जुन्या गिटारींचे नंबर मागच्या पट्टीवर आहेत. पण ह्या पट्ट्या डब्यातून हाताला येतील तशा उचलून बसवल्या जात, म्हणून नंबराच्या क्रमावर फार विसंबता येत नाही. १९७६ पासून नंबर डोक्यावर आला. तिथे एस अक्षर असेल तर सत्तरचं दशक, ई असेल तर ऐंशीचं. 'एस ७' म्हणजे १९७७ च्या आसपास. 'आसपास' म्हणायचं कारण, आधी तयार करून ठेवलेल्या माना नंतरही वापरल्या गेल्या.

गिब्सन कंपनीची १९७७ पासूनची रीत तर कोड्यासारखी आहे. नंबर आठ आकडी. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, दुसरा-तिसरा-चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस. समजा नंबर आहे ८२३०५५२७. पहिला ८, पाचवा ५, म्हणजे १९८५. मधले २३०, म्हणजे वर्षाचा २३० वा दिवस, १८ ऑगस्ट. शाळेतल्या मुलांनासुद्धा सुट्टीत सोडवायला गंमत वाटेल! मात्र त्याच कंपनीच्या साठच्या दशकातल्या गिटारींवर तेच नंबर निरनिराळ्या साली पुन्हा आलेले आहेत. तिथे नुसत्या नंबरावर निकाल देता येत नाही.

दुसरी जागा आहे पोटात. आवाज कमी-जास्त करायच्या बटनांखाली गोल डबीसारखे भाग असतात, त्यांना पॉट म्हणतात. अमेरिकन पॉटवर आकडे ठोकलेले असतात. उदाहरणार्थ १३७६६२८. पहिले तीन आकडे पॉट करणाऱ्या कारखान्याचे, मग ६६ हे साल, आणि २८ वा आठवडा. म्हणजे पॉट १९६६ च्या जुलैतला. ह्यावरून एवढं नक्की कळतं की पॉट मूळचा असेल तर गिटार त्याच्याआधीची नाही. नंतरची असू शकते, कारण पॉट कपाटात पडून राहिलेले असू शकतात. सोल्डर जुनं, न छेडलेलं आहे की ताजं चकचकीत आहे हेही पाहतात.

तिसरी जागा फेंडरसारख्या स्क्रूने मान जोडलेल्या गिटारीत. मान उतरवली की तिच्या टोकाला पुष्कळदा पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याची तारीख सापडते. हे काम मात्र घरी करू नका. स्क्रूची भोकं सैल झाली तर नुकसान आपलंच.

एकाच खुणेवर विसंबायचं नाही, ही ह्यातली मुख्य गोष्ट. नंबर, पॉट, मानेवरची तारीख ह्या तिघी साक्षीदार. तिघींचा जबाब जुळला तर वय पक्कं. एकीचा जुळला नाही तर तो भाग कधीतरी बदलला आहे असं समजावं.

नाव नीट वाचा

डोक्यावरचं नाव हे बहुधा नुसतं चिकटवलेलं असतं. ते नवंही मिळतं. म्हणून नावावरून हुरळून जाऊ नये. शिवाय आपल्याकडे कोलकात्यात तयार होणारी 'गिव्हसन' ही गिटार पुष्कळ घरांत आहे. एका अक्षराचा फरक! शिकणाऱ्या मुलांसाठी ती सोयीची, पण अमेरिकन 'गिब्सन'चा भाव तिला येणार नाही. फेंडरचंही तसंच. १९८२ पासून ह्या नावाच्या गिटारी जपानमध्येही होऊ लागल्या. त्यांनाही चांगली मागणी आहे, पण भाव वेगळा.

मोल कशावर ठरतं?

नुसत्या वयावर नाही. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस ह्या मोठ्या कंपनीने घेतली, म्हणून त्याआधीच्या गिटारींना संग्राहक फार मोजतात. गिब्सनच्या १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट रंगाच्या 'लेस पॉल' गिटारी तर काही लाख डॉलरना जातात. पण त्या मोजक्याच. त्याच वयाची, साध्या कारखान्यातली गिटार तेवढी म्हातारी असूनही स्वस्तच असते.

आणि कधी कधी माणसाचं मोल वस्तूला येतं. 'पिंक फ्लॉइड'चे डेव्हिड गिल्मोर ह्यांची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. तिचे भाग त्यांनी कितीदा तरी बदललेले होते! तो भाव त्यांच्या हातांचा. आपल्या घरातले वादक जगप्रसिद्ध नसतील, पण गिटार घेतल्याची पावती, मूळ पेटी, रंगमंचावरचा फोटो हे सगळं तिच्याबरोबर ठेवा. वस्तू एकाच घरात राहिली ह्याचा तो पुरावा असतो.

वहिनींच्या गिटारीवर 'एस ७' होतं, पॉटवर ७६ साल होतं, मानेवरची तारीखही त्याला धरून निघाली. दोन बटनं बदललेली, बाकी सारं मूळचं. तीन ठिकाणी विचारल्यावर जो आकडा आला तो आठ हजारांच्या कित्येक पट होता. नेमका किती, ते त्यांच्या घरचं. मी लिहीत नाही. फी वेळेवर भरली गेली.

विकायची झालीच तर

भरपूर उजेडात फोटो काढा : पुढून, मागून, डोकं, नंबर, जिथे खरवडलं असेल तेही. निदान दोघा-तिघांकडून भाव घ्या. त्यातला एक तरी विकत घेणारा नसावा. कुणी काय मागतो हे पाहू नका, तशी गिटार प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते विचारा. "दाखवून आणतो" म्हणून कुणी नेत असेल तर नंबर घालून पोच लिहून घ्या, मग तो नात्यातला का असेना. परदेशी पाठवायची असेल तर एक लक्षात ठेवा. बोटांखालची पट्टी पुष्कळदा शिसवाच्या जातीच्या लाकडाची असते. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत, म्हणून आधी नियम विचारावेत.

विकायचीच असं मात्र नाही. नातवंडाला शिकायची असेल तर चांगल्या कारागिराकडून नीट करून त्याच्या हाती द्या. फक्त निर्णय घेताना किंमत आपल्याला ठाऊक असू दे. बांगडी मोडायला जाताना आपण आधी ती घरी तोलून घेतो ना, तसंच हे.