सुरक्षात्रुटींची सूचना आणि कार्यगटाचा संवादमंच

संगणकीय आज्ञावलीतील सुरक्षात्रुटी शोधणारी साधने आज विपुल आहेत. सापडलेली त्रुटी नेमकी कोणाच्या नजरेस पडते, हा अधिक अवघड प्रश्न आहे. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत मार्च २०१७ मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’मधील त्रुटीची सूचना ईमेलने ४०० हून अधिक जणांना गेली. यादी जुनी असल्याने दुरुस्ती करणाऱ्यांनाच ती मिळाली नाही. पुढील तपासणीतही त्रुटी आढळली नाही आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली.

स्वयंचलित कार्यप्रवाहात आज्ञावलीतील बदल नोंदविताच तपासणी होते व निष्कर्ष ‘वेबहुक’द्वारे स्लॅकसारख्या संवादमंचावर उमटतो. (वेबहुकचा पत्ताही परवलीच्या शब्दाइतकाच गुप्त राखावा लागतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते.) मात्र प्रत्येक किरकोळ इशारा तेथे येऊ लागल्यास गट वाचणेच सोडून देतो. म्हणून केवळ गंभीर व नव्या त्रुटी जबाबदार व्यक्तीच्या नावानिशी पाठवाव्यात. ठरावीक मुदतीत पोच न मिळाल्यास सूचना पुढील व्यक्तीकडे जावी. आज्ञावलीत राहून गेलेला परवलीचा शब्द तपासणीत सापडला, तर तो संदेशात उमटू नये.

सिद्धगडाच्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने प्रवेशप्रणाली स्वतः विकसित केल्यास तिच्यात विद्यार्थ्यांची जातप्रमाणपत्रे व बँकखाती असतील. तेथे दोन अध्यापकांचा गटही पुरेल. उन्हाळी सुटीत सूचना कोणाकडे जाईल, हे मात्र आधीच ठरवावे लागेल.