कापसाचा बोळा आणि रंगीत पट्टी

मुलांनो, आज एक खेळ करून बघा. मित्राला डोळे मिटायला सांगा. कापसाच्या बोळ्याचं टोक ओढून बारीक करा, त्याच्या हाताला अलगद टेकवा आणि विचारा, "कुठे लागलं?" तो बरोबर त्याच जागी बोट ठेवेल. आणि गंमत म्हणजे, याच खेळातून एक आजार पकडता येतो!

तो कसा, हे बघायला मांडव्याला जाऊ या. मुंबईच्या गेटवेवरून लाँचने निघालं की समुद्रापलीकडे अलिबाग तालुक्यातलं हे बंदर लागतं. 1970 च्या दशकात, रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हा, डॉ. नोशीर अंटिया यांनी इथे काम सुरू केलं. ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेने सरळ करण्यात त्यांचा हातखंडा होता. पण बोटं वाकडी व्हायच्या आधीच रोग ओळखला तर? गावोगाव एवढे डॉक्टर आणायचे कुठून? म्हणून तिथल्या गावांतल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं गेलं. काहींना तर जेमतेम लिहिता-वाचता यायचं. पण कोणाचं बाळ रोडावलंय, कोणाचा खोकला हटत नाही, हे त्यांच्याआधी दुसऱ्या कोणाला कळणार? मला तर हीच या गोष्टीतली सगळ्यात हुशार युक्ती वाटते.

आता त्या कापसाकडे वळू. कुष्ठरोगाचा जंतू भारी आळशी! एकाचे दोन व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्या पोटातले काही जंतू अनुकूल परिस्थितीत हेच काम वीस मिनिटांत उरकतात. म्हणूनच या रोगाची लक्षणं दिसायला कित्येकदा वर्षं जातात. या जंतूला शरीराचे जरा थंड भाग आवडतात. त्वचेत आणि तिच्याजवळच्या नसांमध्ये तो मुक्काम ठोकतो. नसा बिघडल्या की तिथला स्पर्श मेंदूपर्यंत पोचत नाही. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो दुखत नाही, खाजत नाही, आणि कापूस टेकवला तरी कळत नाही? मग लगेच तपासणी करायला हवी.

बाळ रोडावलंय का हे ओळखायचं दुसरं साधन आहे रंगीत पट्टी. अंगणवाडीत ती बाळाच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळतात. हिरवा रंग आला तर ठीक. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण! पण लहान आणि मोठ्या बाळाला एकच पट्टी कशी चालते? कारण एक ते पाच वर्षांपर्यंत मूल उंच होतं, वजन वाढतं, तरी दंडाचा घेर फारसा बदलत नाही. बाळपणीची चरबी कमी होते आणि तिची जागा स्नायू घेतात. आहे ना नवल?

कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळतात आणि उपचार सुरू झाले की रुग्णापासून इतरांना लागण होत नाही. तेव्हा असा बधिर चट्टा घरात किंवा शेजारी कोणाच्या अंगावर दिसला, तर लपवू देऊ नका. त्याच दिवशी तुमच्या भागातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंना सांगा.